तीन घरं, एक बोट

या, असे पुढे सरका. गुडघे जरा मुडपून घ्या, मागच्यांनाही बसू द्या. आज अभंग नाही, आख्यान आहे. आणि ते राजाचं नाही की राक्षसाचं नाही. कंपुटरवरच्या एका कळीचं आहे, आणि ती कळ दाबून जिचा घास घशाखाली उतरेनासा झाला त्या पोरीचं. कंपुटर येत नसेल तर भिऊ नका. लागेल तेवढा मी सांगत जाईन, बाकीची गोष्ट माणसांचीच आहे.

सन अठ्ठ्याऐंशी. अंबिया बहाराच्या, म्हणजे उन्हाळ्याआधी फुललेल्या, संत्र्यांवर रंग चढत होता. नागपूरच्या उत्तरेला, सौंसर-पांढुर्ण्याकडच्या बागवाल्यांचा एक संघ होता, आणि त्या संघानं त्या साली ठरवलं की पांढुर्णा स्टेशनात वॅगन लागली की कोणाचा माल आधी चढवायचा, हे माणसानं सांगायचं नाही, मशीननं सांगायचं. का, तेही ऐका. जुनी रीत अशी की ज्याचा आवाज मोठा त्याच्या पेट्या आधी. लहान बागवाला यार्डाच्या कडेला आपल्या पेट्यांवर ओलं पोतं टाकून बसायचा, आणि पोतं वाळेपर्यंत त्याचं नाव कोणी घ्यायचं नाही. संत्रं वाट पाहत नाही. खालच्या पेटीतून रस गळायला लागला की तो माल नागपूरच्या रसवंतीतसुद्धा कोणी घेत नाही. म्हणून आता ज्याची नोंद आधी त्याचा नंबर आधी, आणि एका मालाला एकच नंबर. मशीन कागद छापेल, तोच कागद स्टेशनावर पुकारायचा.

संघाचे अध्यक्ष रघुनाथराव. स्वतः मोठे बागायतदार, पण ही गोष्ट मनावर घेतली ती त्यांनीच. त्यापायी भाऊबंदांचे टोमणे खाल्ले. भर सभेत ते बोलून बसले होते, "पहिल्या वॅगनीले जरा बी गडबड झाली, तर मशीन फडक्यात बांधून ठेवू आन जुन्या रीतीनं चालू. लोकाईचा भरोसा एकदाच भेटते."

तो भरवसा जिच्या बोटांवर येऊन बसला ती इंदू. लोधीखेड्याची. बाप तुळशीराम भजनी मंडळात पखवाज वाजवायचा. पोरगी नागपूरला कंपुटरचा कोर्स करून आली आणि संघाच्या सौंसरच्या कचेरीत लागली. प्रोग्राम मुळात लिहिला होता मधुकरनं. तो डोळ्याच्या दुखण्यानं पांढुर्ण्याला घरी बसला, म्हणून त्याची खुर्ची इंदूला मिळाली. खुर्ची मिळाली, पण शब्द त्याचाच चाले. कामाची रीत अशी होती: इंदूनं सौंसरला लिहायचं, फ्लॉपी, म्हणजे लिहिलेलं साठवायची चकती, पांढुर्ण्याच्या बसच्या कंडक्टरजवळ द्यायची. तिकडे स्टेशनाजवळच्या गोदामात संघाचं दुसरं मशीन आणि छापायचा प्रिंटर, तिथं गुलाब नावाचा कारकून तो प्रोग्राम कागदावर छापणार. कागद मधुकरच्या घरी जाणार. मधुकर काय म्हणाला ते गुलाब फोनवर सांगणार. मधुकरचा होकार आल्याशिवाय एक ओळ पक्की होत नसे.

पहिल्याच दिवशी कचेरीचे मॅनेजर दादाराव तिला चपला बाहेर काढायला लावून, देवघरात नेतात तसे मशीनच्या खोलीत घेऊन गेले होते.

"हे पाय इंदू. आपल्या इथं तीन घरं. दोन नाई, चार नाई."

प्रोग्राम म्हणजे ओळीखाली ओळ. एका गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट असली, की ती ओळ डावीकडून थोडी आत सरकवून लिहायची, म्हणजे कोण कोणाच्या पोटात ते दिसतं. भजनाच्या वहीत कडवं आत सरकवून लिहितात, तसंच. अक्षराएवढी एक मोकळी जागा म्हणजे एक घर. मशीनला या सरकवण्याचं काही नाही, ते सगळं सारखंच गिळतं. सरकवायचं ते वाचणाऱ्या माणसासाठी.

"तीनच काहून साहेब? आमाले नागपूरले चार शिकवले."

"मले काय माहीत. मधुकरचं हाय ते. एक खेप कोणी दोन घरं सोडली, तर पुरा कागद वापस आला होता. तू तीन सोड आन सुखी राय."

इंदू तीन सोडत गेली. तिला त्रासही नव्हता, कारण मधुकरनं एडिटर, म्हणजे ज्याच्यात प्रोग्राम लिहितात तो, असा लावून ठेवला होता की टॅबची कळ दाबली की आपोआप तीन घरं पडत. पण पावसाळ्यात त्या एडिटरच्या फ्लॉपीला बुरशी धरली. नागपूरहून नवी कोरी प्रत आली, आणि तिच्यात टॅब दाबली की ओळ एकदम आठ घरं उडी मारू लागली. इंदूनं सेटिंगचं पान उघडलं, शोधत शोधत आठाचा आकडा सापडला, तिथं तीन केले. पडद्यावर ओळी पुन्हा पायऱ्यांसारख्या नीट बसल्या. तिला इतका हर्ष झाला की रात्री जेवताना तिनं तो बापाला सांगितला. बापाला काही कळलं नाही, पण त्यानं मान डोलावली.

मग तिनं नवा भाग लिहिला. ज्याचा माल ट्रकभर आहे त्याचं एक पोट, आणि ज्यांचा माल थोडा आहे त्यांना दोघा-तिघांना जोडून एक ट्रक करायचा, ते दुसरं पोट. दोन्ही पोटांच्या बाहेर, सगळ्यांना सारखी लागू अशी एक ओळ: आता नंबर दे. फ्लॉपी गेली. दुसऱ्या दिवशी गुलाबचा फोन आला.

"इंदूबाई, भाऊ म्हणते, नंबराची ओळ लहान मालाच्या पोटात गेली. मंग भरल्या ट्रकवाल्याले नंबर कुठून भेटन? तीच ओळ भरल्या ट्रकच्या पोटात बी टाका, म्हणते."

इंदूनं पडद्याकडे पाहिलं. ओळ तर साफ बाहेर होती.

"गुलाबभाऊ, ती बाहेरच हाय ना."

"मले नका विचारू बाई. मी छापतो आन निरोप वाहतो. विचारू काय त्याईले पुन्हा?"

मागं एकदा इंदूनं असंच एक विचारलं होतं, तर उत्तर आलं होतं, "म्हणावं, वाचता येत नसन तर नागपूरले वापस जाय." ते दादारावांसमोर तिला ऐकावं लागलं होतं. मोठा माणूस आहे, काही विचार करूनच सांगत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

"नका विचारू," ती म्हणाली. "टाकतो मी."

आणि तिनं ती ओळ टाकली. टाकताना मनात खुटखुटलं, पण खुटखुट कोणी फोनवर सांगत नाही.

सोमवारी वॅगन लागायची होती. शनिवारी पांढुर्ण्याला खऱ्या नावांचा कागद छापून पाहिला, आणि दुपारी सौंसरचा फोन खणखणला. गुलाबचा आवाज नेहमीसारखा थट्टेचा नव्हता.

"बाई, भरल्या ट्रकवाल्याईले दोन-दोन नंबर पडले. लहान माल पार खाली गेला. रघुनाथकाकाचं नाव बी दोनदा हाय. त्या लहान मालवाल्या हिरामण बुढ्यानं ते पाहिलं आन म्हणे, वा, मशीन बी मालकाचीच निघाली. काकासमोर म्हणला."

"मंग काका?"

"टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली. मंग मले म्हणे, उद्या सांजेलोक कागद नीट पायजे. नाई तर फडकं आन."

इंदूनं फोन ठेवला, तरी हात फोनवरच राहिला. दादारावांनी विचारलं, "काय झालं?" तिनं सांगितलं. ते ऐकून खाली बसले. "आता मधुकरचं बी जाते आन तुहं बी," एवढंच म्हणाले.

ती ओळ उडवली तर कागद नीट येईल, हे तिला दिसत होतं. पण मधुकरनं सांगून टाकलेली ओळ होती ती. उडवून पाठवली तर तो पुन्हा नाकारणार, आणि त्याच्या होकाराशिवाय रघुनाथराव सही करणार नाहीत. आणि तो जाणता माणूस असं का सांगेल? की आपल्यालाच काही दिसत नाही? ती रात्र तिनं कूस बदलत काढली. सकाळी आईनं पोळी-भाजी बांधली, तर इंदूनं दुसऱ्या डब्यात फडक्याच्या घडीत फ्लॉपी ठेवली आणि पांढुर्ण्याची बस धरली.

कंडक्टरनं तिला ओळखलं. "आज तुमी बी काय संगं? रोज तर फ्लॉपीले एकटीले पाठवता. ती फुकट जाते हो, तुमाले तिकीट लागन."

इंदूला हसू आलं नाही. जामसांवलीच्या मारुतीच्या फाट्यावर बसमधल्या सगळ्यांनी हात जोडले, तिनंही जोडले. काय मागावं ते सुचेना. ओळ नीट कर म्हणावं, तर मारुतीरायाला ओळ काय ठाऊक. नुसतं म्हणाली, मला विचारायचं बळ दे. डबा मांडीवर घट्ट धरून बसली.

गोदामात गुलाबनं तिच्यापुढे प्रोग्रामचा छापलेला कागद पसरला. ठसठशीत मोठ्या अक्षरात, जसा मधुकरनं सांगून ठेवला होता तसा. इंदूनं तो ओढून घेतला आणि ओळ न् ओळ पाहिली. मधुकरच्या जुन्या ओळी पायऱ्या पायऱ्यांनी उतरत होत्या. मध्येच तिच्या ओळी, कुठल्याच पायरीवर नसलेल्या, उजवीकडे दूर पळालेल्या. प्रिंटर इथं, ती तिथं. स्वतःचं लिखाण कागदावर ती पहिल्यांदा पाहत होती.

"हे असं नाई लिहिलं मी."

"मंग बसमधी गोटमार झाली असन," गुलाब म्हणाला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नदीवर गोटे पडते ना, तशा पडल्या तुमच्या ओळी."

तिनं पांढुर्ण्याच्या मशीनवर एडिटर उघडला. हा अजून मधुकरनंच लावलेला होता. सेटिंगचं पान काढलं आणि खालपर्यंत वाचत गेली. तिथं प्रश्न एक नव्हता, दोन होते. टॅब किती घरांची दाखवायची, हा एक. आणि त्याच्याखाली, टॅबच्या जागी खरी घरं टाकायची की नाही, हा दुसरा. मधुकरनं दोन्ही भरले होते. तिनं सौंसरला पहिलाच भरून हर्ष केला होता.

आता हे नीट ऐका, गोष्टीची मेख इथं आहे. टॅबची कळ दाबली म्हणून घरं पडत नाहीत. पडते ती एक खूण: पुढच्या खुंटीवर जा. खुंट्या किती अंतरावर, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. इंदूच्या पडद्यावर तीन घरांवर खुंटी, प्रिंटरच्या मते आठांवर. वहीत कडव्याखाली नुसतं 'धृ' लिहितात. एक मंडळ धृपद दोनदा घोळवतं, दुसरं चारदा. खूण तीच, लांबी ज्याच्या त्याच्या गळ्याची. इंदूनं सौंसरला तीन घरं लिहिली नव्हती, नुसतं 'धृ' लिहून पाठवलं होतं.

चूक आपली, हे कळलं. पण एक गोष्ट तरी अडलीच. अंतर बिघडलं म्हणून काय झालं? शब्द तर तेच होते. लहान मालाचं पोट जिथं बंद होतं तिथं तसं लिहिलेलंच होतं. डोळ्यानं वाचणारा, तोही मधुकरसारखा, घटकाभर अडखळला असता आणि मग हसला असता. तो फसला कसा?

"गुलाबभाऊ, घर कुठं हाय त्याईचं?"

गुलाब घुटमळला. "घरी नाई जाऊ देत वहिनी कोणाले. कागद दारातच घेते."

"मले जावंच लागन."

स्टेशनामागं, बाभळीच्या कुंपणाचं घर. दारात यमुना उभी राहिली, मधुकरची बायको. इंदूचं नाव ऐकून तिनं पदर सावरला, पण उंबऱ्यातून बाजूला झाली नाही.

"निजले हाय ते. कागद असन तर देऊन जा."

"नवा कागद नाई वहिनी, जुनाच हाय. माही चूक झाली ते सांगाले आली. सांजेलोक नीट नाई झालं तर मशीन बंद होऊन राहिली."

आतून आवाज आला, "कोण हाय व?"

यमुनाचा चेहरा पडला. इंदू आत गेली. मधुकर खाटेवर बसला होता, तोंड खिडकीकडे. तो म्हणाला, "बस बाई," आणि बस म्हणत हात दाखवला तो भिंतीकडे. तिथं कोणी नव्हतं.

इंदू जागीच थांबली. टोमणा आठवला, वाचता येत नसेल तर वापस जा. बोलणाऱ्याला वाचता येत नव्हतं.

"काचबिंदू," यमुना हळूच म्हणाली. "आधी बाजूचं दिसेना, मंग समोरचं. मागच्या सालच्या दिवाळीपासून तर उजेड-अंधार तेवढा कळते."

"सांगाचं असन तर आजच सांगून टाक काकाले," मधुकर म्हणाला. "रोज रोज भेवाचा कंटाळा आला."

"मी नाई सांगत कोणाले," इंदू म्हणाली. "मंग कागद कोण वाचते?"

यमुना पुढे झाली. इंदूच्या हातातला कागद घेतला, जमिनीवर पसरला, आणि डाव्या कडेला मधलं बोट उभं टेकवलं, रुंदीनं जागा मोजावी तसं. "एक बोट," ती म्हणाली, आणि मग एकेक अक्षर सुटं सुटं म्हणत ओळ संपवली. दुसरी ओळ. बोट दोनदा टेकवलं. "दोन बोटं." पुन्हा अक्षरं. सातवी शिकलेली बाई. इंग्रजी अक्षरं ओळखायची, शब्द एकाचाही अर्थ ठाऊक नाही. मधुकर मान खाली घालून ऐकत होता, आणि त्याचे ओठ अक्षरांमागून हलत होते. ओळीच्या ओळी त्याच्या डोक्यात उभ्या राहत असणार, पण कोणती कोणाच्या पोटात, हे त्याला बोटांवरूनच कळायचं. शब्द ऐकता ऐकता विसरतात, बोटं विसरत नाहीत, असं त्याचं म्हणणं. ठसठशीत अक्षरात छापलेली तीन घरं म्हणजे बरोबर यमुनाचं एक बोट.

दोन नाही, चार नाही. दादारावांना माहीत नव्हतं ते कारण इंदूच्या समोर जमिनीवर टेकलेलं होतं.

"वहिनी," ती खाली बसत म्हणाली, "ही नंबराची ओळ. हिची किती बोटं झाली?"

"तीन सांगतली होती मी."

"आता टेकवून पाहा बरं."

यमुनानं बोट टेकवलं. एक. दोन. तिसऱ्यांदा टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. बोटाची कड अक्षरावर चढली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"किती?" मधुकर म्हणाला.

"पावणेतीन."

बाहेर मालगाडी गेली, भांडी थरथरली.

"त्या दिवशी बी पावणेतीनच होती?"

"होती."

"मंग तीन काहून सांगतली?"

"मले वाटलं, माहंच बोट सुजलं. धुणं होतं त्या दिवशी." तिचा आवाज अगदी खाली गेला. "आन तुमी चिडून राहिले होते. अर्धं-पाऊण म्हटलं असतं तर म्हटले असते, तुले एक बोट धड मोजता येत नाई. मंग मी तीन म्हटली."

"माह्या कागदात पावणेतीन नसतेच, यमुना. तू पावणेतीन म्हटली असती तर मी तिथंच ओळखलं असतं."

"मी बी नाई विचारलं," इंदू म्हणाली. "मले दिसून राहिलं होतं ओळ बाहेर हाय म्हणून. मी बी भेली."

"कोणाले?"

"तुमाले."

मधुकर हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. तो भिंतीला टेकला. "आंधळ्याले भेता दोघी. बंद करू आता हे ऐकीव काम. इंदू, तू तुह्या मनानं कर, चार घरं सोड नाई तर आठ सोड. माहं नाव नको सांगू."

"तुमच्या होकाराबिगर काका सही नाई करत, भाऊ."

इंदूनं यमुनाकडे पाहिलं. यमुनानं कागदाची घडी केली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चाल. छापून तर आनू."

गोदामात पोहोचल्या तर लाइन गेलेली. पडदा काळा. गुलाब पुठ्ठ्यानं वारा घेत बसला होता. तिघं बसून राहिली. ऊन दारातून आत आलं, टेबलाच्या पायावर चढलं. इंदू दर घडीला उठून दिव्याचं बटण दाबून पाहायची. एकदा यमुनानं तिचा हात धरून खाली बसवलं. "दाबून दाबून येते काय व ते," ती म्हणाली, आणि पुन्हा दोघी दाराकडे पाहू लागल्या. रघुनाथरावांच्या जीपचा आवाज येतो की पंख्याचा, एवढंच ऐकत.

आधी पंखा आला. इंदूनं फ्लॉपी घातली, फाइल उघडली आणि एडिटरला लावलं कामाला: जिथं जिथं टॅबची खूण असेल, तिथं तिथं खरी तीन घरं घाल. पडद्यावर ओळी उजवीकडून सरकत परत आल्या, सांजेला गुरं दावणीला येतात तशा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिनं तीनदा वाचून खात्री केली. प्रिंटर कुरकुरू लागला, आणि त्याच आवाजात जीप थांबलेली कोणालाच कळली नाही.

रघुनाथराव चपला बाहेर काढून आत आले. कागदाकडे पाहिलं, मग यमुनाकडे.

"सूनबाई, तुमी इथं? मधुकर कुठं हाय?"

"घरी हाय, मामाजी." गावच्या नात्यानं ती त्यांना सासऱ्याच्या जागी मानायची.

"बोलवा त्याले. काल माहं नाव दोनदा छापून आलं. जन्मभर कमावली ती अब्रू एका कागदानं घालवली माही. आज त्यानं स्वतः पाहून माह्यासमोर हो म्हटल्याशिवाय मी सही करत नाई."

इंदूनं सांगायला तोंड उघडलं की चूक टॅबची होती, माझी होती. पण शब्द 'पाहून'पाशी अडकले. यमुना उठली होती. दारात क्षणभर थांबली, पाठमोरी. मग गेली.

परत आली तेव्हा रविवारचा बाजार भरात होता. भर बाजारातून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, मधुकर तिच्या कोपराला धरून चालत आला. एवढे दिवस झाकलेलं त्या एका रस्त्यानं उघडं झालं. उंबऱ्याला त्याचा पाय अडखळला, गुलाब धावला, मधुकरनं हातानं नको म्हटलं. रघुनाथराव खुर्चीवरून अर्धे उठले आणि तसेच राहिले.

कोणी काही विचारायच्या आत यमुनानं कागद टेबलावर पसरला. पहिल्या ओळीला तिचा आवाज कापला, तिसऱ्या-चौथ्या ओळीनंतर लागला. एक बोट. दोन बोटं. दोन. एक. रघुनाथराव तिच्या हाताकडे पाहत होते. भरल्या ट्रकच्या पोटातली नंबराची ओळ आली.

"दोन बोटं. पुरी."

"ती माही हाय," मधुकर म्हणाला. "मी सांगून टाकाले लावली. पुढं?"

पुढे लहान मालाचं पोट, ते बंद. मग ती ओळ. यमुनानं बोट टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. खोलीतल्या सगळ्यांचा श्वास त्या बोटाखाली.

"एक बोट," ती म्हणाली. "कमी नाई, जास्त नाई."

मधुकरनं डोळे मिटले. मिटून काही फरक पडत नव्हता, पण मिटले. "सगळ्याईच्या बाहेर हाय. सगळ्याईले लागू. वरची काढून टाक, इंदू. माह्या सांगण्यानं पडली, माह्या सांगण्यानं जाऊ दे."

ओळ गेली. नावांचा कागद छापला. एका मालाला एक नंबर. हिरामणचा लहान माल दोन शेजाऱ्यांसोबत जोडून वर आला होता, आणि रघुनाथरावांचं नाव त्याच्या बरंच खाली, एकदाच. त्यांनी ते बोट ठेवून शोधलं.

"काका, खूण माही चुकली होती," इंदू म्हणाली. "भाऊनं बरोबरच ओळखलं असतं. त्याईच्यापाशी गेलं तेच वाकडं गेलं. आन मले शंका आली तवा मी विचारलं नाई."

रघुनाथराव तिच्याकडे वळले नाहीत. "मधुकर, डोळे कवा गेले?"

"जाऊन राहिले होते. मागच्या सालच्या दिवाळीले गेले."

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तर काम ठेवलं असतं काय, काका?"

रघुनाथरावांनी पेन काढलं, कागदावर सही केली, टोपण लावायला वेळ लावला. मग जाता जाता दारातून म्हणाले, "सकाळी वॅगनीपाशी येजो. नंबर पुकारताना कोणी भांडलं, तर हा असा काहून लागला ते तूच सांगशील. सूनबाईले बी आनजो."

सकाळी वॅगन लागली. भांडण झालं, एक नाही, दोन-तीन झाली. मधुकर पेट्यांच्या थप्पीवर बसून प्रत्येकाला तोंडपाठ सांगत होता, की तुझी नोंद कोणामागून, तुला कोणासोबत जोडलं आणि का. हिरामण बुढ्यानं आपल्या पेट्या चढेपर्यंत विश्वास ठेवला नाही, आणि चढल्यावरही कुरकुरतच गेला. इंदू लांब उभी राहून प्रत्येक नावाला दचकत होती. शेवटची पेटी आत गेली तेव्हा तिला कळलं की सकाळपासून तिनं पाणीही घेतलं नव्हतं. सौंसरला परतल्यावर तिनं आधी सेटिंगचं पान उघडून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर भरलं, आणि मग पांढुर्ण्याच्या गोदामात फोन लावून, काही कारण नसताना, तिथं येऊन बसलेल्या मधुकरला एक प्रश्न विचारला. तो चिडला. मग त्यानं उत्तर दिलं.

मंडळी, कीर्तन संपलं की आपण बुवांच्या पायाशी गर्दी करतो. मागे उभं राहून टाळ धरणाऱ्याचं नाव कोणी विचारत नाही. उठायच्या आधी एवढंच मागतो: अर्थ कळत नसताना अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या, आणि 'पावणेतीन' असं भर खोलीत कबूल करणाऱ्या पांढुर्ण्याच्या यमुनाबाईची आठवण ठेवा.